सुरश्री केसरबाई केरकर : तीन मिनिटांमागची तीस वर्षे

कलेच्या क्षेत्रात यशाचे मोजमाप करणे कठीण असते. कोणाचे यश गर्दीने मोजले जाते, कोणाचे धनाने, तर कोणाचे काळाने. यांपैकी काळाची कसोटी सर्वांत कठोर. त्या कसोटीला उतरलेल्या मोजक्या कलावंतांमध्ये सुरश्री केसरबाई केरकर यांचे नाव आदराने घ्यावे लागते. ज्या गायिकेने आयुष्यभर यंत्रापासून थोडे अंतर राखले, तिचाच स्वर एका यंत्राने सूर्यमालेच्या सीमेपार नेला, ही त्यांच्या जीवनातील विलक्षण घटना आहे. या घटनेचे कौतुक सर्वत्र होते. परंतु त्या स्वरामागे किती वर्षांची तपश्चर्या होती, याचा विचार क्वचितच होतो.

पेणहून दक्षिणेकडे निघालेली आगगाडी रोहे ओलांडते, तेव्हा कोकण रेल्वेचा मार्ग सुरू होतो. नद्या, बोगदे आणि डोंगर पार करीत तो गोव्यात पोहोचतो. आज काही तासांत होणारा हा प्रवास शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इतका सोपा नव्हता. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. तेथील फोंडा तालुक्यातील केरी या निसर्गरम्य गावी दि. १३ जुलै १८९२ रोजी केसरबाईंचा जन्म झाला. घराणे कलावंतांचे. देवालयांच्या आश्रयाने गायन-वादनाची परंपरा जपणाऱ्या या समाजाने महाराष्ट्राला आणि देशाला अनेक थोर कलावंत दिले. मात्र त्या काळात या समाजातील स्त्रीच्या गाण्याचे कौतुक होत असे, तिला सन्मान मिळत असेच असे नाही. केसरबाईंच्या पुढील आयुष्यातील करारी स्वभावाचा, आपल्या कलेविषयीच्या कमालीच्या अभिमानाचा उगम या वास्तवात शोधावा लागतो.

गुरूच्या शोधात

बालपणीच केसरबाईंच्या गळ्यातील गुण घरच्यांनी ओळखले होते. वयाच्या आठव्या वर्षी त्यांना कोल्हापुरास नेण्यात आले. तेथे किराणा घराण्याचे अध्वर्यू खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्याकडे त्यांचे पहिले शिक्षण सुरू झाले. परंतु हा योग जेमतेम काही महिन्यांचा ठरला. गोव्यात परतल्यानंतर पं. रामकृष्णबुवा वझे यांचा मुक्काम लामगाव येथे असे, तेव्हा त्यांच्याकडून त्यांना तालीम मिळू लागली. गुरू गावी आले की शिक्षण आणि ते गेले की केवळ मेहनत, असा तो क्रम होता.

वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास केसरबाई आई व मामांसह मुंबईस आल्या. मुंबई हे त्या काळी व्यापाराचे तसेच संगीताचेही केंद्र बनले होते. धनिक रसिक, नाटक मंडळ्या, बैठकी आणि उत्तर हिंदुस्थानातून येणारे उस्ताद यांनी हे शहर गजबजलेले होते. येथे शेठ विठ्ठलदास द्वारकादास यांच्या आश्रयामुळे प्रसिद्ध सतारवादक उस्ताद बरकतुल्ला खाँ यांच्याकडे शिकण्याची संधी त्यांना लाभली. त्यानंतर काही काळ गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचेही मार्गदर्शन मिळाले. पण यांपैकी एकाही गुरूचा सहवास दीर्घकाळ टिकला नाही. कोणी परगावी गेले, कोणाला आपल्या व्यापातून सवड मिळाली नाही.

एखाद्या विद्यार्थ्याचे मन अशा वेळी खचले असते. गळा गोड होता, मैफली मिळत होत्या, बक्षिसे मिळत होती. एवढ्यावर समाधान मानून केसरबाईंना सुखाने जगता आले असते. परंतु आपले गाणे अद्याप पुरे झालेले नाही, ही जाणीव त्यांच्या मनात जागी होती. वयाची अठ्ठावीस वर्षे उलटल्यावर, थोडेफार नाव झालेले असताना, पुन्हा विद्यार्थिनी होऊन पहिल्यापासून आरंभ करण्याचा निर्णय त्यांनी घेतला. त्यांच्या आयुष्यातील खरा निर्णायक क्षण कोणता असेल तर तो हा.

अल्लादिया खाँसाहेबांची तालीम

जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) हे छत्रपती शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबारचे गायक. तरुणपणी अतिगायनामुळे त्यांचा आवाज बसला. पूर्वीची झळाळी परत येणार नाही, हे ओळखून त्यांनी आपल्या गायकीची मांडणीच नव्याने केली. लयीशी घट्ट बांधलेली बढत, एकातून दुसरी उमलत जाणारी वक्र तान आणि अनवट व जोड रागांचा प्रचंड संग्रह ही त्यांच्या गायकीची वैशिष्ट्ये. आपत्तीतून नवी वाट काढणाऱ्या या महापुरुषाकडे सन १९२१ पासून केसरबाईंची तालीम सुरू झाली.

ही तालीम सुमारे अकरा वर्षे अखंड चालली. तालीम म्हणजे चीजा पाठ करणे नव्हे. आकार शुद्ध व्हावा, खर्जापासून तार सप्तकापर्यंत आवाजाची गोलाई एकसारखी राहावी, श्वास पुरा पडावा, तानेचा प्रत्येक स्वर दाणेदार व स्वतंत्र ऐकू यावा आणि हे सर्व तालाच्या मात्रांशी सुसंगत असावे, यासाठी तासन् तास एकच पलटा घोटावा लागे. मुळात गोड असलेला आवाज या मेहनतीने भरदार, रुंद आणि तेजस्वी झाला. पुढे केसरबाईंच्या गाण्यात जो अखंड, न तुटणारा स्वरप्रवाह ऐकून जाणकार स्तिमित होत, तो या अकरा वर्षांचे फळ होता.

सन १९३० च्या सुमारास केसरबाईंनी व्यावसायिक मैफलींच्या क्षेत्रात पूर्ण तयारीनिशी पदार्पण केले. कोल्हापुरात पहिला धडा घेतल्यापासून एव्हाना तीस वर्षे लोटली होती. खाँसाहेबांकडील शिक्षण मात्र तेथे थांबले नाही. १९४६ मध्ये गुरूंचे निधन होईपर्यंत अधूनमधून ते चालूच राहिले.

मेणावर उमटलेला स्वर

याच काळात संगीताच्या जगात एक मोठे स्थित्यंतर घडत होते. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग या तंत्रज्ञाने कलकत्त्यास येऊन हिंदुस्थानातील पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणे केली. गौहरजान यांचे गाणे तबकडीवर उमटले आणि घराघरात पोहोचले. प्रारंभीच्या काळात ध्वनिक्षेपक नव्हता. गायकाला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे. आवाजाच्या कंपनाने एक सुई हलत असे आणि फिरत्या मेणाच्या चकतीवर रेषा कोरत असे. तबकड्या जर्मनीत तयार होत असल्याने तेथील कामगारांना गायकाची ओळख पटावी म्हणून गाण्याच्या अखेरीस गायक आपले नाव पुकारीत असे. १९२५ नंतर विद्युत् ध्वनिमुद्रण आले, कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन आला आणि आवाजातील बारकावे अधिक सच्चेपणाने उतरू लागले.

या विद्युत् युगातील ध्वनिमुद्रणाची रीतही आजच्या वाचकांस नवलाची वाटेल. गायक, तबलजी, सारंगिये आणि तंबोऱ्याची साथ हे सर्व एकाच खोलीत बसत. प्रत्येकाचे मायक्रोफोनपासूनचे अंतर आधी ठरवून घेतले जाई, कारण नंतर कोणाचा आवाज कमी-अधिक करण्याची सोय नव्हती. मेणाची चकती मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेत असे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन, फार तर साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. खूण मिळताच गाणे सुरू करायचे आणि वेळ संपण्यापूर्वी समेवर येऊन ते पूर्ण करायचे. मध्येच ठसका लागला, तबल्याचा ठेका चुकला, तर तो तुकडा कापून दुसरा जोडणे शक्य नव्हते. ती चकती बाद होई आणि संपूर्ण गाणे पुन्हा गावे लागे. मुद्रित झालेले गाणे लगेच ऐकून पाहण्याचीही मुभा नव्हती, कारण सुई फिरवली की मऊ मेणावरची रेषा बिघडे.

पुढील प्रक्रिया पेणच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. गणेशमूर्तींच्या कारखान्यात एक उत्तम मूर्ती घडते, तिच्यावरून साचा होतो आणि त्या साच्यातून शेकडो मूर्ती बाहेर पडतात. तबकडीचेही तसेच. मेणाच्या मूळ चकतीवर विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवला जाई. त्यावरून धातूचे साचे तयार होत आणि त्या साच्यांखाली लाखेचे गरम मिश्रण दाबून हजारो तबकड्या निघत. ग्रामोफोन कंपनीचा हा कारखाना १९२८ पासून कलकत्त्याजवळ दमदम येथे होता. साचा कितीही उत्तम असला तरी मूळ मूर्तीतील दोष प्रत्येक प्रतीत उतरतो, हे मूर्तिकार जाणतो. ध्वनिमुद्रणाला बसणाऱ्या गायकालाही ते जाणावे लागे.

अनेक गायक-गायिकांच्या यशाचा मार्ग याच तबकडीवरून गेला. ज्यांना मैफलीत कधी पाहिले नाही, त्यांची गाणी लोकांना तोंडपाठ झाली. विजेचे दिवे नसलेल्या गावांतही चावीचा ग्रामोफोन वाजू शकत असे. त्यामुळे मुंबईचे गाणे कोकणातील ओटीपर्यंत येऊन पोहोचले. केसरबाईंच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा होता. तबकडीने त्यांना मोठे केले नाही. मैफलीत मोठेपण सिद्ध झाल्यानंतर त्या तबकडीकडे वळल्या.

तीन मिनिटांची मैफल

हिज मास्टर्स व्हॉइस आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांनी केसरबाईंच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. ललत, देसी, तोडी, गौड मल्हार, नटकामोद, दुर्गा, मालकंस, भैरवी असे राग त्यांतून ऐकावयास मिळतात. मैफलीत एकेक राग तासभर विस्ताराने मांडणाऱ्या गायिकेला तोच राग तीन मिनिटांत सांगावयाचा होता. ही अडचण त्या काळच्या सर्वच ख्यालगायकांपुढे होती. काहींनी हलकीफुलकी पदे गाऊन ती टाळली, काहींनी रागाचे ओझरते दर्शन घडवून वेळ निभावली.

केसरबाईंनी राग लहान केला नाही, त्यातील पाल्हाळ तेवढे काढून टाकले. पहिल्या षड्जापासूनच आवाज पूर्ण लागलेला असतो. बंदिशीच्या मुखड्यात रागाचे रूप उभे राहते, थोडक्या आलापीत त्याची प्रकृती स्पष्ट होते, अंतरा झळकून जातो आणि त्यानंतर येणाऱ्या ताना समेवर अचूक विसावतात. कोठेही घाई जाणवत नाही. वेळ संपत आली म्हणून काहीतरी उरकले आहे, असे वाटत नाही. ज्याच्याकडे सांगण्यासारखे थोडेच असते त्याला तीन मिनिटे पुरून उरतात. ज्याच्याजवळ भांडार असते त्याला नेमके काय ठेवावे आणि काय वगळावे, याचा विवेक करावा लागतो. हा विवेक एका दिवसात येत नाही. तीस वर्षांची साधना पाठीशी असल्याशिवाय अशी तीन मिनिटे घडत नाहीत.

करारी स्वभाव आणि त्याची किंमत

केसरबाईंची कीर्ती देशभर पसरली. संस्थानिकांचे दरबार, संगीत परिषदा आणि रसिकांच्या खाजगी बैठकी यांतून त्यांचे गाणे होऊ लागले. गुरुदेव रवींद्रनाथ ठाकूर यांनीही त्यांच्या गायनाची मुक्तकंठाने प्रशंसा केली. १९४८ मध्ये कलकत्त्यातील संगीतप्रेमींच्या संस्थेने त्यांना ‘सुरश्री’ ही पदवी दिली आणि पुढे ती त्यांच्या नावाचाच भाग झाली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६९ मध्ये भारत सरकारचा पद्मभूषण किताब त्यांना लाभला. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने राज्यगायिका म्हणून त्यांचा गौरव केला. ज्या समाजातील स्त्रियांच्या कलेला एकेकाळी केवळ करमणुकीचे साधन मानले जाई, त्या समाजातील एका स्त्रीला शासनाने असा मान द्यावा, यामध्ये एका सामाजिक परिवर्तनाचीही खूण आहे.

मान मिळत होता, तसा तो राखण्याविषयी केसरबाई अत्यंत दक्ष होत्या. मैफलीत श्रोत्यांनी बेशिस्त वागलेले त्यांना खपत नसे. आपल्या गाण्याचे मोल त्या जाणून होत्या आणि ते कमी होऊ देत नसत. रेडिओपासून त्या दूर राहिल्या. ज्या गाण्यासाठी आयुष्य वेचले, ते कोणी कसेही, कोठेही, अर्धवट लक्ष देऊन ऐकावे, ही कल्पनाच त्यांना मानवणारी नव्हती. ध्वनिमुद्रणाबाबतही त्यांनी हात राखूनच ठेवला. विद्यादानाच्या बाबतीत तर त्या अधिकच कठोर होत्या. त्यांच्याकडून दीर्घकाळ तालीम मिळालेल्या शिष्या म्हणून धोंडूताई कुलकर्णी (१९२७–२०१४) यांचेच नाव प्रामुख्याने घेतले जाते.

या कठोरपणाची किंमत संगीताला मोजावी लागली, हेही नमूद केले पाहिजे. जयपूर-अत्रौली घराण्याच्या मूळ पुरुषाचा, अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज आज कोठेही ऐकावयास मिळत नाही. भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याचीही हीच कथा. ज्यांच्याविषयी इतके लिहिले-बोलले गेले, ते गाणे प्रत्यक्षात कसे होते, हे जाणण्याचे साधन उरलेले नाही. अशा स्थितीत केसरबाईंनी अधिक गाऊन ठेवले असते, अधिक शिष्य घडवले असते तर, ही रुखरुख रसिकांच्या मनातून जात नाही. तासाभराच्या विस्तारातील त्यांच्या गाण्याचे वैभव ज्यांनी समोर बसून ऐकले, त्यांच्या पिढीबरोबर ते बव्हंशी लोपले. मात्र त्याच वेळी हेही खरे की, ज्या थोड्या तबकड्या त्यांनी दिल्या, त्यांत एकही दुबळा स्वर नाही. गुरूंचा आवाज हरपला तरी त्यांच्या विचाराचा साचा या तबकड्यांत टिकून राहिला. गुरुऋण फेडण्याचे काम, कदाचित त्यांच्या इच्छेपेक्षाही अधिक, यंत्राने केले.

१९६३–६४ च्या सुमारास केसरबाईंनी जाहीर गायन थांबवले. वयोमानाने आवाज पूर्वीसारखा राहणार नाही, याची चाहूल लागताच त्या स्वेच्छेने बाजूला झाल्या. लोकांच्या स्मरणात आपले उत्तम गाणेच राहावे, हा त्यामागील आग्रह त्यांच्या एकूण जीवनाशी सुसंगतच होता.

तारकांच्या वाटेवर

सन १९७७ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडण्याची सिद्धता केली. गुरू, शनी यांसारख्या ग्रहांचा वेध घेऊन ही याने सूर्यमालेबाहेर जाणार होती. दूर कोठे बुद्धिमान जीवसृष्टी असलीच तर तिला पृथ्वीची ओळख पटावी म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची बारा इंची तबकडी बसवण्यात आली. कार्ल सेगन या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालील समितीने त्या तबकडीवरील आशयाची निवड केली. पंचावन्न भाषांतील अभिवादने तीवर आहेत आणि त्यांत मराठीही आहे. संगीतासाठी सुमारे नव्वद मिनिटे उपलब्ध होती. त्यांत जगभरातील केवळ सत्तावीस रचनांना स्थान मिळाले. बाख, मोझार्ट, बीथोव्हेन यांच्या पंक्तीत भारतीय संगीताची प्रतिनिधी म्हणून निवड झाली ती केसरबाईंच्या भैरवीची. ‘जात कहाँ हो’ हे त्या गाण्याचे शब्द.

संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ही शिफारस केली होती. पण जुनी ध्वनिमुद्रिका सहजी हाती येईना. अखेर न्यूयॉर्कमधील लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय कुटुंबाच्या एका दुकानात तिच्या प्रती सापडल्या. ज्या गायिकेने आपले गाणे स्वस्त होऊ नये म्हणून जन्मभर जपले, तिचे गाणे अखेर असे एका दुकानाच्या कोपऱ्यात मिळाले आणि तेथून तारकांच्या वाटेला लागले.

व्हॉयेजर-२ दि. २० ऑगस्ट १९७७ रोजी आणि व्हॉयेजर-१ दि. ५ सप्टेंबर रोजी मार्गस्थ झाले. त्यानंतर अकराच दिवसांनी, दि. १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाईंनी इहलोकाची यात्रा संपवली. मैफलीची सांगता भैरवीने करावी, हा आपल्या संगीताचा संकेत आहे. त्यांच्या जीवनमैफलीची सांगताही जणू भैरवीनेच झाली.

२०१२ मध्ये पहिल्या आणि २०१८ मध्ये दुसऱ्या यानाने सौरवाऱ्यांचे क्षेत्र ओलांडून आंतरतारकीय अवकाशात प्रवेश केला. दोन्ही याने आज पृथ्वीपासून दोन हजार कोटी किलोमीटरहून अधिक अंतरावर आहेत. इकडे केरी गावात त्यांच्या नावाचे हायस्कूल उभे आहे आणि गोव्याच्या कला अकादमीतर्फे त्यांच्या नावाने संगीत समारोह भरत आला आहे.

आज ध्वनिमुद्रण अत्यंत सुलभ झाले आहे. खिशातील भ्रमणध्वनीवर कोणालाही आपले गाणे मुद्रित करता येते, चूक पुसता येते, सूर सुधारता येतो आणि क्षणात ते जगभर पाठवता येते. ही सोय स्वागतार्हच आहे. परंतु साधन सुलभ झाले म्हणून साधना सुलभ होत नाही. केसरबाईंना एका तबकडीसाठी तीन मिनिटे मिळत आणि त्या तीन मिनिटांसाठी त्यांनी तीस वर्षे दिली होती. म्हणूनच लाखेची ती तबकडी केव्हाच झिजली, फुटली, तरी तिच्यावरचा स्वर अजून प्रवास करीत आहे.